झाकली मूठ

चारा कापायच्या यंत्राचं पातं ढांग्याच्या उजव्या मनगटावर पडलं ते सकाळी नऊच्या सुमाराला, आणि तो दवाखान्यात आला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मधले चार तास त्याने मनगटाला जुन्या चादरीची चिंधी आवळून घरातच काढले होते. भर उन्हाच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, म्हणून. तरीही तो पुढच्या दाराने आला नाहीच. मागच्या बाजूला, जिथे पट्टीवाली स्टोव्हवर चिमटे-कात्र्या उकळत बसायची, त्या दारात येऊन उभा राहिला. साडेसहा फुटांचा माणूस, चौकटीत मान वाकवून. मागे बायको.

"मावशी, बाईंना बोलवा. हळू."

पट्टीवालीने चिंधी पाहिली. ती लाल नव्हती, काळी झाली होती. तिने चिमटा पातेल्यात टाकला आणि डॉक्टरबाईंना जेवणावरून उठवून आणलं.

बाईंनी अकरा टाके घातले. ढांग्याने हूं की चूं केलं नाही. पट्टीवाली कोपर दाबून धरत होती आणि बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. टाके संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता मूठ वळ."

करंगळी जराशी हलली. बाकीची बोटं दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत राहिली.

"पुन्हा."

ढांग्याच्या कपाळाची शीर उभी राहिली, दात करकरले, पण बोटं तशीच.

"आतल्या दोऱ्या तुटल्यात," बाई म्हणाल्या. "वरून कातडं शिवलं, पण बोटं ओढणाऱ्या दोऱ्या मला इथे जोडता येणार नाहीत. शहरात जा. आठ दिवसांच्या आत गेलास तर थोडीफार आशा आहे."

"किती दिवस ठेवून घेतील?"

"पंधरा. वीस."

"मग नको." त्याने बायकोकडे न बघताच सांगितलं. "पाटाला पाणी सुटलंय. दर दहा दिवसांनी पाळी. मी वीस दिवस हललो, तर वरच्या मळ्यातले तिघे बांध कोरून माझ्या वाफ्यात येतील. निम्मा बांध आधीच खाल्लाय त्यांनी."

हे भांडण दवाखान्याला नवीन नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्या तिघा भावांतला मधला पाटाचं दार फोडायला आला होता आणि ढांग्याने नुसत्या कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं. ते हाडही याच टेबलावर बांधलं गेलं. तेव्हापासून तिघे बांधापलीकडे उभे राहून शिव्या द्यायचे, पण पाय अलीकडे टाकत नसत.

"बाई," ढांग्या म्हणाला, "ते मला भीत नाहीत. या हाताला भितात. झाकली मूठ म्हणतात ना, तेवढीच आता माझ्याकडे उरलीय. हे बाहेर गेलं तर मी मेलो म्हणून समजा."

बाईंनी हात धुतले. "कागदावर लिहावं तर लागेल. पण तो कागद माझ्या कपाटात राहील. आणि मावशी—"

"माझ्या तोंडाला कुलूप," पट्टीवाली म्हणाली. ती मनापासून बोलली होती. त्यात खोट काही नव्हती.

दिवसाआड ढांग्या यायचा. तीच वेळ, तेच दार. मनगटावर पंचा टाकलेला, डाव्या खांद्यावर कुऱ्हाड. पट्टीवाली पट्टी ओली करून सोडवायची, पू पुसायची, लाल औषध लावायची. तळहातावर दोन उभे वळ दिसायचे. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "हे कशाचे?"

बायकोने सांगितलं, "सकाळी मी कुऱ्हाड हाताला बांधून देते, मावशी. दांडा तळव्यावर ठेवायचा, वरून चिंधी गुंडाळायची, वरून पंचा. मग हे बांधावर जाऊन उभे राहतात. लांबून वाटतं, धरलीय."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर उभे." ती खाली बघून हळू म्हणाली, "लघवीला जायचं झालं तर मला हाक मारतात. शेतात माणसं असली की तीही मारत नाहीत."

त्या संध्याकाळी पट्टीवालीला जेवण गेलं नाही. तिचा नवरा धार लावायचा. घराला लागून पत्र्याची पडवी होती, तिथे पायाने फिरवायचं चाक. विळे, कोयते, कात्र्या, कुऱ्हाडी, गावातलं सगळं पोलाद त्या चाकावरून जायचं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोघंच. नवऱ्याने विचारलं, "काय गं, आज तोंड का शिवलंय?"

"काही नाही. ऊन लागलं."

तिने त्यालाही सांगितलं नाही. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. पण ते ओझंही होतं. चूल पेटवताना, भांडी घासताना तिला ती लोंबती बोटं दिसायची.

दवाखान्यात दुपारी दोन ते तीन रोगी नसत. मागच्या खोलीत पंखा होता. तिथे नर्स, कंपाउंडर आणि पट्टीवाली गॉजचे तुकडे कापत बसायची, आणि कापता कापता अख्ख्या गावाची कातडी सोलली जायची. दुकानदाराची मूळव्याध, शाळामास्तरांची खरूज, कुणाच्या सुनेला दिवस गेले आणि नवरा तर आठ महिने परगावी. कंपाउंडरला नकला यायच्या. तो दुकानदारासारखा अवघडून बसून दाखवायचा आणि नर्स हसून हसून कात्री खाली ठेवायची. वाईट माणसं नव्हती ती. साथीच्या दिवसांत याच नर्सने तीन रात्री पाठ टेकली नव्हती. पण रोज पू-रक्त बघणाऱ्याला काहीतरी विरंगुळा लागतो, आणि दवाखान्यात फुकट मिळणारी वस्तू ती एकच.

पट्टीवाली या बैठकीत ऐकायला असायची. तिला कुणी विचारत नसे. "मावशी, पाणी आणा", "मावशी, तेवढी बादली". पंचवीस वर्षं ती तिथे होती. कंपाउंडर तिच्यासमोर मिसरूड फुटलेला पोरगा म्हणून आला होता, आणि आता तोही तिला बादलीच सांगायचा.

पुढच्या दुपारी अशाच बैठकीत कंपाउंडर म्हणाला, "ढांग्या एक दिवस मुडदा पाडणार बघा. बांधावर असा उभा असतो, सांड जसा. डोळ्याची पापणी हलत नाही."

"इथे कशाला येतो मग दिवसाआड?" नर्सने विचारलं. "बाई तर म्हणाल्या, काटा लागला."

"सांडाला काटा लागतो होय? पाण्याच्या पाळीला तिघांपैकी एक जाणार. पैज लावा."

"कसला सांड," पट्टीवाली म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. कंपाउंडर तोंडातली सुपारी चावायचा थांबला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"का हो मावशी?" नर्स पुढे सरकली. "सांगा ना. आम्ही काय परके?"

"त्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही. उजवा हात गेलाय सगळा. कुऱ्हाड बायको बांधून देते रोज सकाळी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारा नुसता उभा असतो हो. बुजगावणं."

"अरे देवा," नर्स म्हणाली.

कंपाउंडरने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "बुजगावणं!" तो म्हणाला आणि उठून उजवा हात लुळा सोडून, छाती काढून, बांधावरच्या ढांग्यासारखा उभा राहून दाखवू लागला. नर्स हसली. आणि नाही म्हटलं तरी पट्टीवालीच्याही तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं. हे तिला पुढे फार आठवलं. बोललो त्यापेक्षाही, आपण हसलो, हे.

"बाहेर बोलायचं नाही बरं का," ती घाईघाईने म्हणाली.

"छे छे," कंपाउंडर म्हणाला.

त्यानंतर पाचव्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती घरी आली, तर नवरा पडवीत चाक पुसत होता.

"आज चांगलं काम आलं," तो म्हणाला. "वरच्या मळ्यातले तिघे येऊन गेले. दोन कुऱ्हाडी, एक कोयता. मी म्हटलं, लाकडं तोडायचीत का? तर धाकटा म्हणाला, लाकूड नाही, बुजगावणं तोडायचंय. आणि सगळे हसायला लागले. काही कळलं नाही बुवा मला."

पट्टीवाली उंबऱ्यावर तशीच बसली.

"काय झालं?"

तिने सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं, बटणापर्यंत. नवरा ऐकत होता आणि ओल्या फडक्याने चाक पुसत होता, पुसत होता. मग त्याने फडकं खाली टाकलं.

"म्हणजे धार मी लावली," तो म्हणाला, "आणि पाणी तू दिलंस."

"पाळी कधी आहे?"

"उद्या. सकाळी सहाला पाणी सुटतं."

"चला, आत्ताच जाऊन सांगू."

तो तिच्याबरोबर गेला. ढांग्याच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बायकोच्या आईला बरं नाही म्हणून दोघं पलीकडच्या गावी गेलीत, पहाटे परस्पर शेतावर जातील. नवरा म्हणाला, "पहाटे आपण बांधावर गाठू." दोघं परत आली. जमिनीला पाठ लागली, पण डोळा लागला नाही.

साडेपाचला ती निघाली. नवऱ्याचा पाय चाक फिरवून अधू झालेला, तो मागे पडला. शेतांच्या बांधाबांधाने ती पळत होती. पन्नाशीची बाई, धाप लागलेली, एक चप्पल कुठेतरी ढेकळांत गेली. कांद्याची पात पिवळी पडलेली, जमिनीला हात हात भेगा. पाटात पाणी यायला लागलं होतं, पुढे फेस आणि पाचोळा ढकलत.

ढांग्या पाटाच्या दाराजवळ उभा होता. पंचा, कुऱ्हाड, सगळं जागच्या जागी. बायको खालच्या वाफ्यात फावड्याने माती ओढत होती. आणि तिघे भाऊ पलीकडून चालत येत होते. शिव्या देत नव्हते, घाईही करत नव्हते.

पट्टीवालीने हाक मारली. पण पाण्याचा आवाज आणि मध्ये दोन शेतं. हाक पोहोचली नाही.

थोरला बांधावर चढला. ज्या बांधावर वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं, त्यावर अगदी मधोमध उभा राहिला. हसून म्हणाला, "ढांग्या, किती दिवस भांडायचं? चल, मिटवून टाकू." आणि त्याने उजवा हात पुढे केला.

ढांग्या हलला नाही.

"हात मिळव की. का, रागावलास?"

ढांग्याने डावा हात पुढे केला. तिघेही मोठ्याने हसले.

"डावा नको. शुभ कामाला उजवा." थोरल्याने पंच्याचं टोक धरलं आणि ओढलं. खाली ती चिंधी, चिंधीत बांधलेली कुऱ्हाड, आणि दांड्यावर नुसती ठेवलेली बोटं. मधल्याने चिंधी कोयत्याने कापली. कुऱ्हाड पडली. ती पडली ती ढांग्याच्याच पायावर.

मग ढांग्याने डोकं खाली घालून थोरल्याच्या छातीत धडक मारली. दोघं पाटात पडले. पाणी गुडघाभर होतं. ढांग्या वर होता, डाव्या हाताने त्याचा गळा दाबत होता, आणि थोरल्याचं तोंड फेसात जात होतं. क्षणभर वाटलं, याने एका हातानेही जिंकलं. तेवढ्यात मधल्याने पाठीत कोयता घातला. एकदा, दोनदा. ढांग्याची पकड सुटली. तिघांनी मिळून त्याला ओढत दाराच्या दगडावर आणलं.

"मागच्या वर्षी माझं हाड मोडलंस," मधला म्हणाला. "धर रे त्याचा डावा."

थोरल्याने ढांग्याचा डावा हात दगडावर पसरून धरला आणि मधल्याने कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा खाली आणला. तुंब्यानेच, पात्याने नाही. तोडायचा नव्हता, चेचायचा होता. आवाज पट्टीवालीपर्यंत आला. हाक जात नव्हती, पण तो आवाज आला. दुसरा घाव. तिसरा.

चौथा पडायच्या आत ढांग्याची बायको फावडं घेऊन बांधावर चढली. ती ओरडली नाही. धाकटा वळून बघत होता तोच फावड्याची कड त्याच्या तोंडावर, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत बसली. तो तोंड धरून खाली बसला आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं. दोन्ही भाऊ त्याच्याकडे धावले. पट्टीवाली पोहोचली तेव्हा बांधावर एक बाई फावडं उगारून उभी होती, तिच्या पायाशी ढांग्या, आणि पाटाचं पाणी कुणी न वळवल्यामुळे भलतीकडेच वाहत होतं.

एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे दवाखान्यात आले. मध्ये पोतं टाकून इकडे ढांग्या, तिकडे धाकटा. पट्टीवालीने दोघांचीही रक्तं पुसली. धाकट्याचा डोळा वाचला नाही. ढांग्याच्या डाव्या हाताची तीन बोटं आणि मधली हाडं चुरली होती. बाईंनी जमेल तेवढं सरळ केलं, फळीवर बांधलं. पाठीला सव्वीस टाके. शहरातली गाडी यायला तीन तास लागणार होते.

हवालदार जबाब घ्यायला आला. लिहून झाल्यावर म्हणाला, "अंगठा कुठे घेऊ?" दोन्ही हात बांधलेले. मग त्याने ढांग्याच्या पायाच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागद तळव्याकडे नेला. ढांग्या छताकडे बघत राहिला. इतका वेळ कोरडे असलेले त्याचे डोळे तेव्हा भरले.

बाई बाहेर आल्या. हातमोजे तसेच, लाल. "धाकटा शुद्धीत आहे," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो, हाताचं आम्हाला दवाखान्यातूनच कळलं. कुणी सांगितलं?"

नर्सने मान खाली घातली. कंपाउंडरचा चेहरा पांढरा फटक. "बाई, मी फक्त हसण्यावारी... पाटाच्या कचेरीपाशी चहा पीत होतो. धाकटा शेजारी बसलाय, हे ध्यानातच नाही आलं."

"तुला कुणी सांगितलं? कागद तर माझ्या कपाटात होता."

कंपाउंडरने नाव घेतलं नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. पण भिंतीशी ढांग्याची बायको बसली होती, आणि तिच्यासमोर गप्प राहणं पट्टीवालीला जमलं नाही.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

बायको उठली. शांतपणे चालत आली आणि पट्टीवालीच्या तोंडावर हाताच्या पंजाने मारलं. मग केस धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. नर्स सोडवायला धावली. पट्टीवालीने हात वर केले नाहीत. भुवई फुटली.

"माझ्या नवऱ्याची लघवीसुद्धा तुला सांगितली होती मी!" बायको ओरडत होती. "आई समजून सांगितली होती!"

कंपाउंडरची बदली झाली. पट्टीवालीला काढायचा कागद बाईंनी लिहून ठेवला, पण ढांग्या शहरातून महिन्याने परत आला तेव्हा त्याला विचारलं, तक्रार द्यायची आहे का. तो म्हणाला, "तिला ठेवा. पट्टी तिनेच करायची. रोज बघू दे."

म्हणून ती रोज त्याच्या घरी जायची. उजवा हात वाळत चालला होता. डावा फळीतून निघाला तो वाकडातिकडा, खेकड्यासारखा. बायको त्याला भरवायची. पट्टीवाली पट्टी करून भांडी घासून द्यायची, अंगण झाडायची. कुणी बस म्हणत नसे, पाणी देत नसे. नळावर बायका विचारायच्या, "हलतो का गं हात?" ती बादली उचलून चालू लागायची. "आता कसलं सोवळं," बायका मागून म्हणायच्या.

तीन महिन्यांनी थोरला आणि मधला जामिनावर सुटून आले. बांध पुन्हा दोन हात अलीकडे सरकला. त्यांना ठाऊक होतं, आता ढांग्या माशीसुद्धा हाकलू शकत नाही.

आठवड्याने बायकोने पट्टीवालीला अंगणात अडवलं. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"डावा हात वळायला लागलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटतं ते झोपलेत. बघते तर भिंतीकडे तोंड करून विळ्याची मूठ धरून सोडतात, धरून सोडतात. थोरला रोज इथूनच जातो. मावशी, मला जेवण जात नाही."

"बाईंना सांग."

"मी सांगितलं तर हे मला घराबाहेर काढतील. तुम्ही सांगा ना. नळावर सांगा, दुकानात सांगा. ते दोघे सावध होतील, लांब राहतील. तेव्हा बोललात ना? आता बोला."

पट्टीवालीने हातातला झाडू खाली ठेवला. "नाही, पोरी," ती म्हणाली. "माझ्या तोंडून आता ते निघणार नाही. पण उद्या दवाखान्यात घेऊन ये त्यांना."

दुसऱ्या दिवशी ढांग्या टेबलाशी बसला. बाईंनी उजवा हात पाहिला, मान हलवली. मग डावा. "मावशी, तुमचं बोट द्या त्यांच्या हातात. ढांग्या, दाब."

तिने उजव्या हाताचं मधलं बोट त्या वाकड्या पंजात दिलं. ढांग्याचा चेहरा मेल्यासारखा होता. बाई कागदाकडे वळल्या, आणि पंजा आवळला गेला. हळूहळू. आधी नख पांढरं झालं, मग पेरावर पेर चढलं. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. तिने ओठ मिटून घेतले. आत काहीतरी कट्कन वाजलं. तिच्या कपाळावर घाम फुटला, पण तिने बोट काढून घेतलं नाही.

"आहे का काही जोर?" बाईंनी न वळता विचारलं.

ढांग्याने मान अगदी बारीक हलवली. नाही म्हण. दारात बायको उभी होती. तिचे ओठ हलत होते. आहे म्हण.

"त्यांनाच विचारा, बाई," पट्टीवाली म्हणाली. "हात त्यांचा आहे."

ढांग्या तिच्याकडे बघतच राहिला. मग बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत काय झालं होतं, ते जणू त्याला आज दिसलं. पंजा सैल पडला.

"आहे," तो म्हणाला. "लिहून ठेवा. विळा धरण्याइतका आहे. आणि बाहेर कुणी विचारलं तर खुशाल सांगा. मीच सांगतोय."

बाईंनी लिहिलं. बायको दारातच खाली बसली.

संध्याकाळी पट्टीवाली घरी आली तेव्हा बोट वांग्यासारखं सुजून निळं झालं होतं. दवाखान्यात तिने कुणाला दाखवलं नव्हतं. नवऱ्याने पडवीतून उठून तिला उजेडात नेलं.

"हे कशाने?"

तिने बोट त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. आतून बांबूची एक कामटी आणली, चाकावर दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केली, आणि चिंधी घेऊन तिच्यासमोर बसला. असलं काम त्याने कधी केलं नव्हतं. चिंधी सारखी निसटत होती.

"जरा आवळून," ती म्हणाली. "दुखू दे. सैल राहिली तर वाकडं जुळतं."

त्याने आवळली.